दहा वाजून चार मिनिटं

गुरुवार, १२ फेब्रुवारी

लंबकास,

हे सातवं पत्र. आधीची सहा फाडली. त्यातली चार तर 'प्रिय' या शब्दावरच अडकली होती, म्हणून या वेळी तो शब्द घातलेलाच नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलं तर घे. अकरा वर्षांत तेवढा हक्क तू कमावला आहेस.

रविवारी मी तुझ्या संग्रहालयात येणार आहे. तुला भेटायला येतेय असं समजू नकोस. माझ्या शेजारच्या दुकानात एक शिंपीण आहे, तिला सगळी गल्ली टाचणी म्हणते, कारण तिच्या तोंडात कायम चार टाचण्या असतात आणि त्या सांभाळून ती अखंड बोलत असते. तिला शनिवार-रविवार जोडून कुठेतरी जायचं होतं. "दोन दिवस, दोन संग्रहालयं, आणि सुईला हात लावायचा नाही," असा तिचा बेत. शहर तिनं निवडलं. तू तिथल्या घड्याळांच्या दालनात काम करतोस हे तिला माहीत नव्हतं.

हे खोटं आहे. शहर मीच सुचवलं.

आता लिहायचं ते लिहिते. गेल्या जूनमध्ये मी दुकानात कोसळले, बाबांच्याच घड्याळ-दुरुस्तीच्या बाकापाशी. टाचणीनं काचेतून पाहिलं आणि अशी काही बोंब ठोकली की समोरच्या दवाखान्यातला डॉक्टर हातातली गोळी हातातच घेऊन धावत आला. त्यानं छाती दाबली, म्हणून मी हे लिहितेय. नंतर मोठ्या दवाखान्यात माझ्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली एक यंत्र बसवलं. बाबांच्या खिशातल्या घड्याळाएवढं आहे. त्यातून एक तार हृदयात गेलीय. ठोके भरकटले की ते आतून धक्का देतं आणि गाडी रुळावर आणतं. अजून तशी वेळ आलेली नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वडील कशानं गेले?"

"बाकावर बसल्या बसल्या. चोपन्नाव्या वर्षी."

"हा दोष घराण्यातून येतो. भावंडं किती?"

"एक भाऊ."

"त्यांची तपासणी लगेच व्हायला हवी. लगेच म्हणजे लगेच. या आजारात पहिली खूणच शेवटची असू शकते."

त्यांनी तुझ्यासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी आठ महिने माझ्या पर्समध्ये आहे. दर तपासणीला त्या विचारतात, भावाला कळवलं का, आणि मी म्हणते, हो, कळवलंय, तो जरा कामात आहे. इतक्या सहज म्हणते की मलाच खरं वाटायला लागतं.

पत्र पोस्टात टाकून काही उपयोग नाही. पहिल्या वर्षी पाठवलेली दोन तू न उघडता परत केलीस, आणि फोनवर माझा आवाज ऐकला की ठेवून देतोस. म्हणून चिठ्ठी हातात द्यायची. तुझ्या छातीत काय चाललंय हे मला ठाऊक आहे आणि तुला नाही, या गोष्टीनं माझी झोप उडालीय. ही पत्रं मी माझ्या धीरासाठी लिहितेय. बरोबर ठेवीन.

जाता जाता एक. दुकानात एक घड्याळ आठवडाभर माझा जीव खातंय. रोज सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी वाजतं. उंच, खाली, उंच, खाली, वीस सेकंद, की बंद. स्वस्तातलं डिजिटल, दुसरं काय. लोक दुरुस्तीला टाकतात आणि न्यायला विसरतात. तसल्यांचा एक डबाच आहे माझ्याकडे. आज डबा उपडा करून एकतिसाच्या एकतीस घड्याळांचे सेल काढले. तरी वाजलं. बाबांच्या दुकानात चार मिनिटं मागे चालणारं घड्याळ, आणि ते मला सापडत नाही! बाबांनी मला बाकावरून उठवलं असतं.

ताई


शनिवार, १४ फेब्रुवारी, दुपार

लंबकास,

पोहोचलो. मी यंत्रांच्या संग्रहालयाच्या उपाहारगृहात बसलेय. टाचणी अजून वरच्या मजल्यावर जुन्या शिवणयंत्रांसमोर उभी आहे. सुईला हात लावणार नव्हती, त्यामुळे नुसती बघतेय आणि हळहळतेय.

आधी गाडीतली गंमत ऐक. दहा वाजून चार मिनिटांनी तेच घड्याळ वाजलं. चालत्या गाडीत! म्हणजे घाईघाईत ते माझ्या पिशवीत पडलं असणार. मी पिशवी सीटवर रिकामी केली. कपडे, गोळ्यांची डबी, भिंग, चिमटा, रुमाल. समोर बसलेले एक आजोबा माझे मोजे पाहून खिडकीबाहेर बघायला लागले. घड्याळ नाही. टाचणीनंही आवाज ऐकला, तिनं तर आपला पदरसुद्धा झटकला. ती म्हणाली, "बाई, तुमच्या मागे घड्याळांचं भूत लागलंय." मी म्हटलं, भूत असतं तर वेळेवर आलं असतं.

आवाज कुठून येतोय हे मला कळू नये, याचा मला राग आला. बाबा म्हणायचे, घड्याळजीचे डोळे चाळिशीला जातात, कान जात नाहीत. मी एक्केचाळीस.

संग्रहालयाच्या दारात धातू शोधणारी कमान आहे. मला सांगितलंय की अशा कमानीतून न रेंगाळता सरळ चालत जायचं, आणि हातातलं यंत्र कुणी छातीवर फिरवू लागलं तर नको म्हणायचं. मी चालत गेले. कमान बोंबलली. पहारेकऱ्यानं हातातलं यंत्र उचललं.

"छातीत यंत्र बसवलंय," मी कार्ड दाखवलं. "ते इथे धरू नका."

"बाई, नियम आहे. एक सेकंदाचं काम."

"एका सेकंदात काय काय होतं ते मला नका सांगू."

"मग बाजूला थांबा. साहेबांना विचारतो."

मी थांबले ती नेमकी कमानीला खेटून. टाचणीनं माझा दंड धरून मला चार पावलं ओढलं आणि पहारेकऱ्याला म्हणाली, "विचारा हो तुमच्या साहेबांना, पण या बाईंना काही झालं तर तुमच्या अंगावरचा हा गणवेश मी उसवीन. मला येतं ते." शेवटी एका बाईंनी हातानं चाचपून आत सोडलं. टाचणी हसत होती, पण माझा दंड अजून सोडत नव्हती. या बाईनं माझ्यासाठी आपलं लोहचुंबक फेकून दिलंय, ठाऊक आहे? जमिनीवरच्या टाचण्या उचलायचं. आता गुडघ्यावर बसून एकेक वेचते आणि वर मला म्हणते, कंबर सुटते हो.

दुसऱ्या दालनात विजेवर चालणारं भलंमोठं चुंबक आहे. दर तासाला चालू करून लोखंडी साखळ्या उचलून दाखवतात. दोरीपाशी पाटी होती, छातीत यंत्र असलेल्यांनी पुढे येऊ नये. माझ्या आयुष्यात मला उद्देशून लिहिलेली ती पहिलीच पाटी. मी दाराबाहेर उभी राहिले आणि पोरं टाळ्या वाजवताना ऐकली.

मग जिन्यात जरा बसावं लागलं. छातीत पाखरू फडफडावं तसं झालं, दोन-तीन सेकंद. पायऱ्या खूप होत्या, एवढंच. टाचणीला सांगितलेलं नाही.

ताई


शनिवार, संध्याकाळ

लंबकास,

उद्या साडेनऊला तुझं संग्रहालय उघडतं. माहितीपत्रकात लिहिलंय, रविवारी दहाला घड्याळांच्या दालनात 'ऐकण्याचा तास', दालनाचे देखरेखकार स्वतः हजर असतात. देखरेखकार! तुला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. बाकाखाली पाय हलवत राहायचास म्हणून बाबांनी तुझं नाव लंबक ठेवलं.

टाचणी खाली सूप प्यायला गेलीय. ती येण्याआधी मला हे लिहून टाकायचंय. फाडलेल्यांतल्या उरलेल्या दोन पत्रांत मी इथपर्यंत आले आणि कागद फाडला.

त्या दिवशी मी सुटे भाग आणायला गेले होते. दुकानात तुम्ही दोघंच. परत आले तेव्हा बाबा बाकावर डोकं टेकून होते, डोळ्याला भिंग तसंच. तू समोर बसून एक मनगटी घड्याळ पुसत होतास. मला बघून तोंडावर बोट ठेवलंस. "हळू. बाबांचा डोळा लागलाय. वीस मिनिटं झाली, मी हललोसुद्धा नाही."

बाबा रोज दुपारी तसेच झोपायचे. मीही तसंच समजले असते. कुणीही समजलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच मला स्वतःची जास्त चीड येते. तरी मी सगळ्यांसमोर, नातेवाइकांनी भरलेल्या खोलीत, तुला म्हणाले, "वीस मिनिटं! वीस मिनिटं तू बापाला मरताना बघत बसलास."

तू बावीस वर्षांचा होतास. आठवड्यानं तू दुकानाची तुझी किल्ली बाकावर ठेवून गेलास.

जूनमध्ये डॉक्टरीणबाईंना मी सगळ्यात आधी हेच विचारलं. माझ्या यंत्राबद्दल नाही, बाबांबद्दल. वीस मिनिटांत कुणी काही केलं असतं तर? त्या म्हणाल्या, "अशा वेळी हातात तीन-चार मिनिटं असतात. आणि ती झोपेसारखीच दिसतात. तुमच्या भावानं दहा मिनिटांनी हाक मारली असती, तरी वडील नव्हतेच."

म्हणजे आठ महिने मी तुझी दोन कागदपत्रं अडवून बसलेय. एक चिठ्ठी आणि एक सुटका. चिठ्ठी दिली असती तर सुटकाही द्यावी लागली असती, आणि सुटका द्यायची तर मी चुकले असं म्हणावं लागलं असतं. ते तोंडातून निघेना. एवढ्यासाठी मी तुझा जीव टांगणीला लावला आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

आरशात बघून तीनदा म्हणून पाहिलं. माझं चुकलं. जमतंय. उद्या तुझ्यासमोर जमलं पाहिजे.

टाचणी आली. जिना चढताना मी मध्ये का थांबले होते, असं विचारतेय.

ताई


बुधवार, १८ फेब्रुवारी, दवाखाना

प्रिय लंबक,

बघ, लिहिला तो शब्द.

तू दाराबाहेर खुर्चीवर बसला आहेस, पाय हलवत. तरी मी लिहितेय, कारण समोरासमोर आलो की आपण दोघं लगेच घड्याळांवर घसरतो. काल अख्खा तास तू मला एका फ्रेंच घड्याळाच्या दातेरी चाकाबद्दल सांगितलंस. मला आवडलं, पण रविवारबद्दल एक अक्षर बोलला नाहीस. मग मी बोलते. तुला दिसलं नाही ते.

मी शेवटच्या बाकावर बसले होते, टाचणीच्या आडोशाला. तू शिडीवर होतास. करडा एप्रन, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि डोक्यावर मागच्या बाजूला बाबांसारखंच टक्कल. तेहतिसाव्या वर्षी त्यांचं एवढं घेतलंस, आणखी काय काय घेतलं असशील, असं मनात आलं. तू शिडी उतरताना मी पायऱ्या मोजत होते. आता पडेल, आता पडेल.

दहाचे टोल पडले. एकदम नाही, एकामागून एक. तू प्रत्येकाला काही सेकंदांचं अंतर देऊन लावलं होतंस. बाबांची पद्धत. एक बोलत असताना दुसऱ्यानं बोलू नये. शेवटच्या टोलानंतर तू लोकांना म्हणालास, "आता पाच मिनिटं कुणी बोलू नका. फक्त ऐका." आणि सगळे ऐकायला लागले. मी चिठ्ठी हातात घेतली. पाच मिनिटं संपली की उठायचं, तुझ्यापर्यंत चालत जायचं, आणि म्हणायचं. माझं चुकलं.

आणि त्या शांततेत ते वाजलं. उंच, खाली, उंच, खाली.

लोकांनी आपापले फोन चाचपले. तू पाठमोरा होतास. न वळता म्हणालास, "कुणाचं तरी घड्याळ चार मिनिटं मागे आहे." सगळे हसले. अकरा वर्षांनी तुझा आवाज ऐकला तो असा.

तू मान तिरकी केलीस आणि आवाजाच्या मागे चालत आलास, बाकांच्या ओळींमधून, बाबा हरवलेला स्क्रू शोधायचे तशा पावलांनी. माझ्यासमोर थांबलास. माझ्या तोंडाकडे बघितलंच नाहीस. माझ्या गळ्याखाली बघत होतास. तुझा रंग उडाला.

"ताई," तू म्हणालास, "हा आवाज तुझ्या अंगातून येतोय."

त्याच क्षणी मला जूनमधली ती खोली दिसली. यंत्र बसवल्यावर तंत्रज्ञ मला तो आवाज ऐकवत होता. "तार किंवा सेल बिघडला तर रोज सकाळी दहाला असं वाजेल. ऐकू आलं की तडक इकडे यायचं. नीट ऐकलंत ना?" मी हो म्हटलं. मी ऐकत नव्हते. मी त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होते, कारण ते चार मिनिटं मागे होतं, आणि त्याकडे बघून तो माझ्या यंत्राची वेळ लावत होता. त्याला सांगावं की नाही, याचाच विचार चालला होता माझा. सोबत दिलेली पुस्तिका मी घरी जाऊन टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातली.

दहा दिवस, लंबक. दहा दिवस माझं स्वतःचं काळीज मला हाका मारत होतं, आणि मी गिऱ्हाइकांच्या घड्याळांचे सेल काढत बसले होते. शनिवारी जिन्यात छातीत फडफडलं तेव्हा यंत्र होतं, पण त्याची तार आतून तुटलेली होती. त्या दोन-तीन सेकंदांची वीस झाली असती, तर मला धरायला काहीच नव्हतं. इथल्या डॉक्टरांनी मला हे सांगितलं तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास.

बाबांचा डोळा लागलाय असं तू समजलास, कारण ते रोज झोपायचे. डब्यातलं घड्याळ वाजतंय असं मी समजले, कारण ती रोज वाजतात. फरक इतकाच की तुझ्यासमोर कुणी ओरडत नव्हतं. माझ्या तर कानाखालीच ओरडत होतं.

रुग्णवाहिका येईपर्यंत तू माझा हात धरावास की धरू नयेस या विचारात होतास, ते मला कळत होतं. शेवटी तू मनगट धरलंस आणि ठोके मोजायला लागलास. मी चिठ्ठी तुझ्या एप्रनच्या खिशात कोंबली.

"हे काय?"

"तुझं आहे. आठ महिन्यांपूर्वी द्यायला हवं होतं."

तू वाचलीस. दोनदा. पहिला प्रश्न स्वतःबद्दल नव्हता, हे मी विसरणार नाही. तू म्हणालास, "म्हणजे बाबा..."

"तीन-चार मिनिटांत गेले. तू मान वर करून त्यांच्याकडे बघितलंस, तेव्हाच ते नव्हते. माझं चुकलं, लंबक. अकरा वर्षं चुकलं."

तू शिडीच्या खालच्या पायरीवर बसलास आणि एप्रन तोंडावर धरलास. मागे सव्वादहाचे टोल पडायला लागले, एकामागून एक. टाचणी, जिला झोपेतही गप्प बसता येत नाही, ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

माझी नवी तार काल बसली. मध्ये पत्र ठेवावं लागलं, तुला तपासणीला आत बोलावलं. अर्ध्या तासापूर्वी नर्सनं तुझं नाव पुकारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, पहिल्यांदा शाळेत सोडलं होतं तेव्हा बघितलं होतंस तसंच. मी हात हलवला आणि हसले. आता सांगते, माझी पाचावर धारण बसली होती. काचेतून मला तुझे पाय दिसताहेत, अंगावर तारा चिकटवून तुला झोपवलंय. पाय हलत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तुझे पाय हलत नाहीयेत.

आधीची तीन पत्रं या पाकिटात घातलीत. या वेळी परत पाठवू नकोस.

तुझी,
ताई


शनिवार, ९ मे

प्रिय लंबक,

सोमवारी तुला यंत्र बसवून घरी सोडलं आणि आज शनिवार. पाच दिवस फोन नाही. मी केला तर दोन शब्द बोलतोस, "बरा आहे", आणि ठेवतोस. टाचणी म्हणते, "भावाला आराम करू द्या, सारखं सारखं टोचू नका." टोचण्याबद्दल तिनं बोलावं!

तू रागावला असशील का, या विचारात मी तीन दिवस काढले. पुन्हा अबोला सुरू झाला की काय, अशी भीती वाटली. काल दुपारी बाकावर बसले असताना कळलं. तू रागावलेला नाहीस. तू ऐकत बसला आहेस.

मला माहीत आहे, कारण मीही तेच केलं. नवी तार बसल्यावर महिनाभर मी सकाळी साडेनऊपासून हातातलं काम टाकून गप्प बसायचे. दुकानातली सगळी घड्याळं बंद करून ठेवायचे. घड्याळजीचं दुकान, आणि आत एक काटा हलत नाही. गिऱ्हाईक दारातून परत जायचं. दहा वाजून चार मिनिटं झाली, काही वाजलं नाही, की मग मला रडू यायचं आणि मग भूक लागायची. हे मी तुला सांगितलं नाही, कारण तुझा निकाल आला होता, तुझं यंत्र ठरलं होतं, आणि तुला घाबरवायचं नव्हतं. पुन्हा तीच खोड. तुझ्या भल्याचं म्हणून तुझ्यापासून लपवायचं. आता बंद.

तुझ्या यंत्राची वेळ लावताना तू त्या तंत्रज्ञाला भिंतीवरचं घड्याळ बघू दिलं नाहीस, स्वतःचं मनगटी घड्याळ पुढे केलंस, आणि तो वैतागला, हे नर्सनं मला हसत हसत सांगितलं. शाबास. म्हणजे तुझं वाजलंच तर दहाच्या ठोक्याला वाजेल. माझं त्यांनी विचारलं होतं, वेळ दुरुस्त करायची का म्हणून. मी नको म्हटलं. का, ते तेव्हा मलाच नीट कळलं नव्हतं. त्याच चार मिनिटांमुळे तू माझ्यापर्यंत चालत आलास, एवढंच मनात होतं.

तर माझं म्हणणं ऐक. उद्यापासून रोज सकाळी दहाला एक मिनिट कमी असताना मी फोन करीन. तू उचलायचा. बरा आहे, बरी आहे, काही म्हणायचं नाही. दहाला मी तुझ्यासाठी कान देईन. मग चार मिनिटं नुसतं थांबायचं. दहा वाजून चार मिनिटांनी तू माझ्यासाठी कान द्यायचे. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी त्या रविवारी तुझ्या दालनात पाहिलंय. बाबा असते तर त्यांनीही मानलं असतं. दुकानातली घड्याळं मी आजपासून पुन्हा चालू केलीत, ती मागे टिकटिकत राहतील, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

बावीस वर्षांचा असताना तू वीस मिनिटं एकटा गप्प बसलास, आणि त्यानंतर मी तुला अकरा वर्षं एकट्याला बसवलं. यापुढे एकट्यानं ऐकत बसायचं नाही. गप्पच बसायचं तर दोघांनी मिळून बसू.

चार मिनिटांत काही वाजलं, तर जो ऐकेल तो दुसऱ्याला सांगेल, आणि निघायचं. काही वाजलं नाही, तर मग बोल माझ्याशी. त्या फ्रेंच घड्याळाच्या चाकाचं पुढे काय झालं, ते अजून राहिलंय.

उद्या फोन उचल.

तुझी,
ताई